घोडा लवकर मोडला

निस्दालच्या शाळेत मी छत्तीस वर्षं शिकवलं. वर्गाला तीन खिडक्या होत्या. मधल्या खिडकीपाशी बसायला मुलांची कायम ओढाताण चालायची, कारण तिथून घोडा सगळ्यात चांगला दिसायचा.

घोडा बर्फाचा. खाडीच्या पलीकडे काळी भिंत आहे. नाव भिंत, पण आहे तो डोंगरच, वरपासून खालपर्यंत सरळ तुटलेला आणि तसाच पाण्यात उतरलेला. एप्रिलात वरचं बर्फ वितळू लागलं की माथ्याखालच्या खोलगट जागेत तेवढं पांढरं शिल्लक राहतं आणि त्याला हळूहळू मान, पाठ, चार पाय फुटतात. ऊन चढतं तसा घोडा वाळत जातो. जूनच्या मध्यावर कधीतरी त्याचे पुढचे पाय धडापासून सुटतात. घोडा मोडला, असं आम्ही म्हणतो. तो मोडेपर्यंत भिंतीखालून कुणी बोट नेत नाही. हिवाळ्यानं धरून ठेवलेले दगड वितळणीच्या दिवसांत सुटत असतात. घोडा मोडला म्हणजे सुटायचे ते सुटून झाले, डोंगर रिकामा झाला, असा त्याचा अर्थ. माझ्या आजोबांच्या वेळी हाच नियम होता आणि त्यांच्या आजोबांच्या वेळीही.

शाळेनं यात आपलं एक काम शोधून काढलं होतं. दर सोमवारी सकाळी पहिल्या तासाला सगळी मुलं खिडकीशी उभी राहून घोडा काढायची. चित्रांवर तारीख घालून मी ती वर्गाच्या भिंतीवर ओळीनं लावायचो. मुलांना चित्रकला यावी म्हणून नव्हे, बघायला यावं म्हणून. जे दिसतं ते काढा, जे माहीत आहे ते काढू नका, एवढं एकच मी त्यांना सांगत असे. बोटवाले लोकही ती चित्रं बघायला येत. एखाद्या वर्षी धुक्यानं आठ-आठ दिवस डोंगर झाकलेला असला तर शाळेची ओळ हाच पुरावा असायचा.

मी सांगतोय त्या वर्षी मी साठीला आलो होतो आणि माझी बहीण हाल्दिस बहात्तर वर्षांची होती. तिचं हृदय थकलं होतं. फेब्रुवारीत डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की गवत कापणीपर्यंत ती राहील असं मी म्हणणार नाही. तिला त्यांनी काही सांगितलं नाही, पण संध्याकाळी घरी आल्यावर तीच म्हणाली, "त्याचं तोंड बघूनच कळलं. तू आता उगाच हसू नकोस, तुला जमत नाही."

मग तिनं एक गोष्ट मागितली. तिला ब्रात्तली बघायचं होतं.

ब्रात्तली हे आमचं घर. काळ्या भिंतीला उजवीकडे डोंगराचं एक नाक आहे, पाण्यात पुढे आलेलं. ते ओलांडून आत गेलं की खाडीचा अरुंद फाटा लागतो, आणि तिथे उंचावर, कड्याच्या एका ओट्यावर आमच्या वडिलांचं शेत होतं. चार गाई, काही शेळ्या, मूठभर बटाटे. लहान मुलांना अंगणात दोरीनं बांधून ठेवावं लागे, नाही तर पाण्यातच. आम्ही ते सोडून खाली आलो तेव्हा हाल्दिस चौदा वर्षांची होती आणि मी दोन. म्हणजे ब्रात्तली तिला होतं, मला नव्हतं. मला फक्त ती जे सांगे तेवढं. गेल्या वीस वर्षांत तीही तिकडे गेली नव्हती. आता वर चढायचा प्रश्नच नव्हता. बोटीतून खालून घर बघायचं, एवढंच तिला हवं होतं.

ओडवारची बोट दर उन्हाळ्यात पाहुण्यांना त्या फाट्यात फिरवून आणायची. सत्तावीस माणसांची लाकडी बोट, नाव तेर्ना. पहिली फेरी मध्य उन्हाळ्याच्या होळीच्या दिवशी, तेवीस जूनला, आणि शेवटची ऑगस्टअखेर. ओडवार माझा विद्यार्थी. मोठा झाला, टक्कल पडलं, तरी मला मास्तरच म्हणायचा आणि माझ्यासमोर टोपी काढायचा.

त्याच हिवाळ्यात हॉटेलच्या बोर्गिलबाईंच्या डोक्यात एक नवीन गोष्ट शिरली होती. त्यांना मे महिन्यातही फेऱ्या हव्या होत्या. जूनअखेर येणारे पाहुणे म्हणे तक्रार करतात की धबधबे सुकलेले असतात, माथ्यावर बर्फ नसतं. छापील माहितीपत्रकात दोन्ही हंगाम शेजारी शेजारी घालायचे आणि निवड पाहुण्यांवर सोडायची, असं त्यांनी ठरवलं. मजकूर लिहायला अर्थात मला सांगितलं. मध्य उन्हाळ्याचा भाग मी बसल्या बैठकीत लिहिला: उबदार वारा, न मावळणारा उजेड, कुरणात गवत कापणारी माणसं. मे महिन्याचं काय लिहावं ते मला कळेना, कारण मे महिन्यात त्या फाट्यात गेलेला माणूसच गावात नव्हता. घोडा उभा असताना कोण जाणार?

होती ती हाल्दिस. चौदा मे महिने तिनं तिथे काढले होते. मी वही घेऊन तिच्या पलंगाशी बसलो. ती म्हणाली, लिही. मेमध्ये सफरचंदाला नाही, पण पक्षीचेरीला फुलं असतात आणि वास खालपर्यंत येतो. सकाळी सकाळी माथ्यावरचं बर्फ गुलाबी दिसतं. आणि ब्रात्तलीचा धबधबा अंगणाच्या इतक्या जवळून पडतो की महिनाभर घरात कुणी हळू बोलत नाही, आई हातानं खुणा करून जेवायला बोलावते. मी ते सगळं नीट भाषेत उतरवलं. बोर्गिलबाई खूश झाल्या. ओडवारनं मात्र वाचून कागद परत दिला आणि म्हणाला, फार छान आहे मास्तर, पण घोडा मोडल्याशिवाय मी जाणार नाही, आणि घोडा मेमध्ये मोडत नाही.

तेव्हा निवड खरी हाल्दिसपुढे होती, किंवा खरं सांगायचं तर माझ्यापुढे. मे की मध्य उन्हाळा? मध्य उन्हाळ्यापर्यंत थांबलो तर बोट मिळणार, वाट सुरक्षित, पण ती असेल की नाही याची खात्री नाही. मेमध्ये ती असेल, पण बोट नाही. मार्चमध्ये ती दोन आठवडे अंथरुणातून उठली नाही. एप्रिलात तिचे पाय सुजले. मी रोज सकाळी उठलो की आधी तिच्या श्वासाचा आवाज ऐकायचो आणि मग खिडकीतून घोड्याकडे बघायचो. घोडा धष्टपुष्ट उभा होता.

आणि मग मेच्या पहिल्या आठवड्यात तो मोडला.

सोमवारी सकाळी मी वर्गात शिरलो तर मुलं आधीच खिडकीशी गर्दी करून उभी होती. पुढचे दोन्ही पाय सुटले होते. पाय आणि छाती यांच्यामध्ये काळ्या दगडाची पट्टी दिसत होती. पाच आठवडे आधी. कुणी ऐकलंही नव्हतं असं कधी. मुलांनी चित्रं काढायला घेतली आणि मी हात मागे बांधून बाकांमधून फिरू लागलो. माझं लक्ष थाऱ्यावर नव्हतं. आनंद झाला होता मला.

चित्रं बघताना एक गोष्ट खटकली. निम्म्याहून जास्त मुलांनी तुटलेली कड सरळ काढली होती. पट्टी ठेवून ओढावी तशी, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला तिरकी गेलेली एकच रेघ. मी वर्ग थांबवला. बर्फ वितळतं तेव्हा कसं वितळतं, मी विचारलं. मुलांनी बरोबर सांगितलं: कडेकडेनं, गोल गोल, ताटातल्या लोण्यासारखं. मग ही रेघ कुठून आली? पट्ट्या दप्तरात ठेवा आणि पुन्हा बघा. एक मुलगी म्हणाली की आम्ही पट्ट्या घेतल्याच नाहीत. मी म्हणालो, मग डोळ्यांत पट्टी असेल, आणि वर्ग हसला. मुलं शहाणी होती. त्यांनी खोडरबर काढले आणि कड गोल केली. मी स्वतः खिडकीतून एकदा पाहिलं, पण साठाव्या वर्षी मला चष्म्यातूनही तिथे फक्त पांढरं आणि काळंच दिसत होतं.

दुपारी ओडवार आला. चित्रांच्या ओळीसमोर तो बराच वेळ टोपी हातात घेऊन उभा राहिला. मग वाकून शेवटच्या काही चित्रांना नाक लावलं.

"मास्तर, इथे खोडलंय."

मी सांगितलं की पोरांनी सरळ रेघा ओढल्या होत्या, मी दुरुस्त करायला लावल्या. तो अजून तसाच उभा होता. मग मी म्हणालो, "तूसुद्धा सगळं पट्टीनंच काढायचास. गाईची पाठसुद्धा."

तो हसला. त्याला ते आठवलं. मी त्याला हसवलं, हे माझ्या आजही लक्षात आहे.

तरी त्यानं लगेच हो म्हटलं नाही. गेला हिवाळा कोरडा गेला, बर्फ कमी पडलं, म्हणून घोडा लवकर मोडला असेल का, असं त्यानं मला विचारलं. मी म्हणालो, तसंच असणार. पण एप्रिलभर तो चांगला जाडजूड होता, हे तो बोलला नाही आणि मीही नाही. माझ्या आजोबांचा नियम मी त्याच्यापुढे पुन्हा म्हणून दाखवला: मोडेपर्यंत नाही, मोडल्यावर हो. नियमात तारीख कुठेच नव्हती. शेवटी त्यानं विचारलं, हाल्दिसमावशी कशी आहे. मी खरं ते सांगितलं. त्यानं टोपी डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, शनिवारी, अकरा वाजता, हवा बरी असली तर.

हवा उत्तम होती. नको इतकी उत्तम. आठवडाभर दक्षिणेचा कोरडा, गरम वारा वाहत होता आणि शनिवारी तोही पडला. खाडी तेलासारखी स्थिर होती. बोर्गिलबाईंनी सात पाहुणे पाठवले होते. एक जर्मन जोडपं, बाकी शहरातले लोक, माहितीपत्रक हातात घेऊन. हाल्दिसला आम्ही खुर्चीसकट बोटीवर चढवलं. तिनं चर्चला जायचा काळा पोशाख घातला होता आणि वर माझा लोकरी कोट. मांडीवर डबा. भाकरीसारखी पातळ कडक रोटी, तपकिरी चीज आणि एक उकडलेलं अंडं. बघताना भूक लागते, असं तिचं म्हणणं.

धक्क्यापासून भिंतीपर्यंत पंचवीस मिनिटं. पहिली पंधरा मिनिटं सगळे बोलत होते. भिंत जवळ आली तसे आवाज आपोआप उतरले. उन्हात असूनही तिच्या पायथ्याशी थंड हवा असते, तळघराचं दार उघडल्यासारखी. मी वर बघितलं. घोडा तिथून दिसत नाही, कडा पुढे झुकलेला आहे. दिसत होती ती खालची ओळ, जिथे दर वर्षी समुद्रपक्षी घरटी करतात. कपारी पांढऱ्या होत्या, जुन्या विष्ठेनं. पक्षी एकही नव्हता. मी ओडवारकडे पाहिलं. तोही तिकडेच बघत होता. मे आहे, अजून आले नसतील, तो म्हणाला. त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही. आमच्यापैकी कुणी मेमध्ये इथे आलेलंच नव्हतं.

थोड्या वेळानं पाण्यात टप्प असं झालं, बोटीपासून पन्नास हातांवर. मग पुन्हा एक, जरा पुढे. जर्मन बाईंनी मासा का, असं नवऱ्याला विचारलं असावं, कारण दोघं कठड्याशी जाऊन खाली बघू लागले. मासे नव्हते. अंड्याएवढे दगड वरून येत होते, एकेक, मध्ये बराच वेळ सोडून. ओडवारनं इंजिनाचा वेग कमी केला आणि बोट जमेल तेवढी भिंतीपासून लांब घेतली. पण नाकापाशी खाडी एवढी अरुंद आहे की लांब म्हणजे फारसं लांब नाही.

"बघा, मास्तर," तो माझ्या कानाशी म्हणाला, "मला हे फारसं बरं वाटत नाहीये."

नाक समोर होतं. ते ओलांडलं की घर. हाल्दिस खुर्चीत पुढे वाकून बसली होती, दोन्ही हात डब्यावर. मी म्हणालो की घोडा मोडलाय, ओडवार. दहा मिनिटं जायचं, वळायचं, परत यायचं. तिच्याकडे बघ. त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग त्यानं चाक सरळ धरलं. मास्तरांनी सांगितलं होतं.

एक पाहुणा, हातात पत्रक घेतलेला, थट्टेनं म्हणाला की इथे लिहिलंय धबधब्यामुळे बोलणं ऐकू येत नाही, आणि मला तर माझं घड्याळ ऐकू येतंय. दोघं-तिघं हसले.

हाल्दिसनं मान वर केली.

तिनं हाताचा पंजा कानामागे धरला, जशी मी वर्गात हळू बोलणाऱ्या मुलाकडे बघून धरत असे. मग ती म्हणाली, "ओडवार, इंजिन बंद कर."

त्यानं बंद केलं. बोट पुढे सरकत राहिली. इतकी शांतता मी त्या खाडीत कधी ऐकली नव्हती. लाकडाची कुरकुर, कुणाचा तरी श्वास, आणि लांबवर टप्प.

"ऐविन, पाणी कुठंय?" तिनं मला विचारलं.

मला प्रश्न कळला नाही. पाणी तर सगळीकडे होतं.

"आमचं पाणी. मेमध्ये ते नाकाच्या अलीकडूनच ऐकू येतं. पीठ संपलं की घोडा उभा असतानाही जावंच लागायचं, आणि आम्ही दुकानातून वल्हवत परत यायचो ना, तर इथे, इथेच, बाबा म्हणायचे, आलं बघा घर. दिसायच्या आधी."

मी काहीतरी बोललो, की हिवाळा कोरडा गेला. ती माझ्याकडे बघत नव्हती. आठवडाभर गरम वारा आहे, ती म्हणाली, वर सगळं वितळतंय. ते पाणी कुठेतरी जातंय. खाली येत नाहीये, म्हणजे आत जातंय. डोंगर पितोय ते.

त्या क्षणी मला मुलांची रेघ दिसली. बर्फ वितळून अशी सरळ कड होत नाही, हे मी त्यांना शिकवलं होतं आणि ते खरंच होतं. बर्फ वितळलं नव्हतं. त्याच्याखालची जमीन दुभंगली होती आणि घोड्याचे पाय त्या भेगेवरून तुटले होते. पाच आठवडे आधी. मुलांनी दिसलं ते काढलं होतं आणि मी माहीत असलेलं काढायला लावलं.

मी तोंड उघडलं, पण हाल्दिस आधी बोलली.

"फिरव बोट."

"मावशी, नाक ओलांडलं की समोरच आहे घर," ओडवार म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "पाच मिनिटं."

"घर बघितलंय मी. चौदा वर्षं बघितलंय. फिरव."

त्यानं इंजिन चालू केलं आणि चाक पूर्ण फिरवलं. तेर्ना जागच्या जागी वळणारी बोट नव्हती. तिला मोठं वळण लागायचं. वळताना आम्ही नाकाच्या आणखी जवळ गेलो, इतके की फाट्याचं तोंड उघडलं, आतलं हिरवं पाणी दिसलं आणि पक्षीचेरीचा वास आला. घर दिसायला आणखी बोटीची एक लांबी पुढे जायला हवं होतं. हाल्दिसनं खुर्चीत वळून बघितलं असतं तर कदाचित छपराचा कोपरा दिसला असता. ती गावाच्या दिशेला तोंड करून बसून राहिली. पाहुण्यांपैकी कुणी तरी विचारत होतं की हे काय, परत का? ओडवारनं इंजिन पूर्ण वेगात सोडलं होतं आणि सगळी बोट थरथरत होती.

आम्ही अर्ध्या वाटेवर आलो होतो. मी मागे, कठड्याला धरून, भिंतीकडे तोंड करून उभा होतो. आधी मला वाटलं डोळ्यांपुढे अंधारी आली, कारण माथ्याची रेषा हलली. मग ती पुन्हा हलली. डोंगराचा नाकाकडचा भाग उभाच्या उभा खाली बसू लागला. घाई नव्हती त्याला. आवाज नंतर आला, कानांपेक्षा पायांत जास्त. धुळीचा एक ढग उठला, तपकिरी, आणि त्यानं नाक, फाट्याचं तोंड, सगळं गिळलं.

ओडवारनं मागे बघितलं आणि ओरडून सगळ्यांना खाली बसायला सांगितलं. मग त्यानं जे केलं ते मी त्याला शिकवलेलं नव्हतं. त्यानं बोट पुन्हा वळवली आणि लाटेकडे तोंड करून उभी केली. मी हाल्दिसच्या खुर्चीला आणि खांबाला मिळून मिठी मारली. तेर्ना वर गेली, इतकी वर की मला मागे गावातल्या चर्चचं दार दिसलं, आणि मग खाली आली. पुढची काच फुटली. चाकाच्या आऱ्यात सापडून ओडवारचं मनगट मोडलं, पण चाक त्यानं सोडलं नाही. दुसरी लाट लहान होती. तिसरी त्याहून लहान. डबा वाहून गेला. माणसं सगळी होती. मी मोजली, शाळेची सहल मोजावी तशी, दोनदा.

नाकापलीकडे ब्रात्तलीचं घर ओट्यासकट खाडीत गेलं होतं. गावात लाटेनं बोटींचा धक्का आणि दोन बोटघरं नेली. शनिवारची दुपार, माणसं जेवायला घरी गेली होती. कुणी मेलं नाही. नुसत्या नशिबानं, याहून दुसरं कारण मला देता येत नाही.

सोमवारी मी वर्गात गेलो. खिडकीतून घोडा दिसत नव्हता, त्याची जागाच नव्हती. मी मुलांना सांगितलं की तुमची रेघ बरोबर होती आणि मी चुकलो. ती का बरोबर होती आणि मी का चुकलो हे फळ्यावर काढून दाखवलं. मग त्यांनी आपापली चित्रं भिंतीवरून उतरवली आणि मी न सांगता त्यावर पुन्हा रेघ ओढली. मी त्यांना थांबवलं नाही. पण त्या वर्षी उरलेल्या दिवसांत, मी काही सांगितलं की ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघायची. योग्यच होतं ते.

ओडवार मला मास्तर म्हणायचा बंद झाला. रागानं नव्हे. रस्त्यात भेटला की ऐविन म्हणायचा आणि हवापाण्याचं बोलायचा. टोपी डोक्यावरच.

हाल्दिस गवत कापणीपर्यंत राहिली. पहिलं बर्फ पडेपर्यंत राहिली ती. डॉक्टरांनाही सांगता आलं नाही कसं. मध्य उन्हाळ्याच्या होळीला मी तिला घरापुढच्या बाकावर आणून बसवलं. खाली किनाऱ्यावर लोक लाकडं रचत होते. मी आंबट सायीची लापशी केली होती, वर साखर-दालचिनी, तिला आवडायची तशी. समोर पाण्यापलीकडे डोंगराला पडलेली करडी, ताजी जखम उन्हात चमकत होती.

त्या दिवसाबद्दल आम्ही सहा आठवडे एक शब्द बोललो नव्हतो. तिनं चमचा वाडग्यात ठेवला.

"तू मागे तोंड करून उभा होतास," ती म्हणाली. "घर जाताना दिसलं तुला?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. मी उत्तर तयार ठेवलं होतं. घर शेवटपर्यंत उभं होतं, छपरावरचं गवत हिरवं होतं, एका क्षणात सगळं झालं, असं काहीतरी. ती माझी बहीण होती आणि तिला काही तरी द्यावं असं मला फार वाटत होतं. पण आयुष्यभर मी मुलांना एकच गोष्ट सांगत आलो होतो आणि एकदा ती मोडून बघितली होती.

"नाही," मी म्हणालो. "नाक मध्ये होतं. मला फक्त धूळ दिसली."

"छप्परसुद्धा नाही?"

"काहीच नाही."

तिनं करड्या डागाकडे पाहिलं. तिचा श्वास जड चालला होता. मग तिनं चमचा पुन्हा उचलला.

"म्हणजे पडताना ते कुणी बघितलंच नाही," ती म्हणाली. "बरं झालं. आता तू वही आण. त्या पत्रकात तू अंगण चुकीच्या बाजूला घातलं होतंस."

मी वही आणली. ती सांगू लागली: दार पूर्वेला, दारातून तीन पायऱ्या, दुसरी हलणारी. डाव्या हाताला खुंटी, तिच्यावर माझी दोरी. मी लिहीत होतो. मधेच पलीकडून, नाकाची उरलेली बाजू जिथे अजून उभी आहे तिथून, खडी घसरल्याचा बारीक, लांबलेला आवाज पाण्यावरून आला. आम्ही दोघं थांबलो. किनाऱ्यावरचे लोकही थांबले होते, हातात लाकडं तशीच धरून.

आवाज बंद झाला. हाल्दिस आणखी थोडा वेळ ऐकत राहिली आणि मग म्हणाली, लिही, खुंटीच्या वर खिडकी.